जीवशास्त्राचे 30 गुण

बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्राला 100 गुण असतात. त्यातले 70 लेखी परीक्षेचे आणि 30 प्रात्यक्षिकाचे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ 720 गुणांची असते आणि त्यातले निम्मे, म्हणजे 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे. तरीही या विषयातला हाताने करायचा भाग नीटच्या तयारीत मागे पडतो. नीटच्या अभ्यासक्रमात भौतिक आणि रसायनशास्त्रासाठी प्रायोगिक कामाचा वेगळा घटक आहे. जीवशास्त्राला तो नाही. मग अनेक ठिकाणी जर्नल मित्राच्या जर्नलवरून उतरवले जाते, आकृत्या रंगवल्या जातात, सही मिळते आणि सूक्ष्मदर्शक कपाटातच राहतो.

शहरांत हे घडते ते क्लासच्या ओढीने. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवसभराचा अभ्यास क्लासमध्ये, ही पद्धत इतकी रुळली की 2018 मध्ये राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. नाशिकपासून सुमारे 55 किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पेठ तालुक्यातल्या मुलांची अडचण निराळी आहे. इथली बहुसंख्य मुले आदिवासी कुटुंबांतली. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीत जातो आणि पेशीचा ‘सेल’ होतो, आनुवंशिकतेचे ‘इनहेरिटन्स’ होते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते, पण बारावीचे पुस्तक आणि वर्गातले शिकवणे मुख्यतः इंग्रजीत. अशा वेळी न समजलेले पाठ करणे हाच मार्ग उरतो. नेमके इथेच प्रात्यक्षिक उपयोगी पडते, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला भाषेचा अडसर कमी असतो.

कांद्याच्या मुळाचे उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यात कांदा शोधायला जावे लागत नाही. पाण्याने भरलेल्या पेल्यावर कांदा ठेवला की तीन-चार दिवसांत मुळे फुटतात. मुळाच्या टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायचा, ॲसिटोकार्मिनने रंगवायचा आणि काचपट्टीवर अंगठ्याने हलकेच दाबायचा. सूक्ष्मदर्शकाखाली कुठे गुणसूत्रे मध्यरेषेवर आलेली, कुठे दोन टोकांना ओढली गेलेली दिसतात. पेशीविभाजनाच्या अवस्थांची नावे ज्याने अशी पाहून शिकली, त्याला ती घोकावी लागत नाहीत.

पाठांतराने गुण मिळतात, पण समज येतेच असे नाही. याचा सर्वांत गंभीर नमुना म्हणजे सिकलसेल. हा आजार राज्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे.

याच आजारावरचा प्रश्न परीक्षेत असा येऊ शकतो: आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर बाळाला आजार होण्याची शक्यता किती? चौकोन आखून ‘25 टक्के’ लिहिले की गुण मिळतात. पण घराघरांत या उत्तराचा अर्थ ‘चार मुलांतले एक आजारी’ असा लावला जातो. पहिले मूल आजारी निघाले की पुढची तीन सुखरूप, अशी समजूत होते. खरे तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता नव्याने तितकीच असते. दोन नाणी एकदम उडवून पाहावीत. दोन्ही छापे एकदा पडले, म्हणून पुढच्या खेपेला ते पडण्याची शक्यता कमी होत नाही. वर्गात अशी शंभर वेळा नाणी उडवून नोंदी ठेवल्या, तर एका तासात हा गैरसमज दूर होईल. त्याला प्रयोगशाळाही लागत नाही.

उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. प्रात्यक्षिके जानेवारीत उरकण्याऐवजी पहिल्या सत्रापासून दर आठवड्याला व्हावीत. पेठमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे. तिथल्या प्रयोगशाळेत वर्षातून एक-दोन दिवस विद्यार्थ्यांना नेता येईल. हिवतापाची काचपट्टी कशी तपासतात, सिकलसेलच्या प्राथमिक चाचणीत द्रावण गढूळ झाले की पुढे काय करतात, हे त्यांना पाहता येईल. गढूळ द्रावण फक्त सदोष हिमोग्लोबिन असल्याचे सांगते. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. प्राथमिक चाचणी आणि निदान यांतला हा फरक वैद्यकशास्त्राचा पाया आहे. आदिवासी विकास आयुक्तालय आणि आरोग्य विद्यापीठ ही दोन्ही कार्यालये नाशिकमध्येच आहेत. त्यांनी, महाविद्यालयाने आणि रुग्णालयाने मिळून वेळापत्रक आखले तर फारसा खर्चही येणार नाही.

2025 मध्ये देशभरातून 22 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली. पेठच्या वर्गातले मोजकेच त्यातून एमबीबीएसपर्यंत पोहोचतील. बाकीचे शिक्षक, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतील, कुणी शेती सांभाळतील. पण बहुतेक सगळे लग्न करतील, आईबाप होतील. लग्नाआधी रक्त तपासून घ्यायचे का आणि दोघेही वाहक निघाले तर काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या घरात परीक्षेनंतर काही वर्षांनी येणार आहे. तेव्हा गुणपत्रिका कुणी विचारणार नाही. चौकोनातल्या त्या 25 टक्क्यांचा अर्थ मात्र त्यांना ठाऊक असायला हवा.