अक्काचा हिस्सा

उन्हाळा आला हे तुम्हाला कशावरून कळतं? ऑफिसात एसीच्या टेम्परेचरवरून भांडणं लागली की? की कॉफी शॉपच्या मेनूत अचानक कैरी दिसायला लागली की? मला कळतं ते गच्चीवरून. कुणाच्या तरी गच्चीत पांढरी, जाळीदार चकत्यांची रांग उन्हात पडलेली दिसली की समजायचं, एप्रिल आला. एप्रिल म्हणजे कुरडई, आणि कुरडई म्हणजे अक्का.

अक्का माझी आत्या. राहायची उमरीला. देवगिरी एक्स्प्रेसनं नांदेड गाठायचं, मग मुदखेड ओलांडून धर्माबादच्या अलीकडे उमरी. तिथून तेलंगणा हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून ठाण मांडून बसतो. आपण त्याला हीट वेव्ह म्हणतो. अक्का म्हणायची, "वाळवणाला चांगलं ऊन पडायलंय."

कुरडई म्हणजे पाकीट फोडून तळायची वस्तू, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं जनरल नॉलेज. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग ते वाटून, पिळून, गाळून पांढरा चीक काढायचा आणि रात्रभर खाली बसू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं. मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं, मीठ टाकायचं, एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं घोटायचा. गुठळी झाली की तीन दिवसांची मेहनत पाण्यात. ओलं बोट लावून बघायचं, चिकटला नाही तर शिजला. ऊन चढायच्या आत सोऱ्यानं कुरडया घालून मोकळं व्हायचं. उरलेला चोथाही वाया नाही, त्याच्या भुसवड्या.

आम्हा पोरांचा इंटरेस्ट फक्त वाटीतल्या गरम चिकात. मला दूध-साखर घालून, धाकट्याला तेल-तिखट घालून. वाटी रिकामी झाली की अक्काचा आवाज यायचा, "खाल्लास न्हवं? मग बघायलास काय? काठी घे आन् कावळे हाक." ही माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी. पगार रोज सकाळी, अॅडव्हान्समध्ये.

पुढे अक्काचे दात गेले. कुरडई चावेना. मग ती तुटक्या कुरडया भिजत घालून कांद्यावर परतायची आणि ती भाजी भाकरीबरोबर खायची. डब्यातल्या अख्ख्या, गोल कुरडया मात्र आमच्यासाठी.

हे सगळं एकटीच्या हातानं होत नाही. ओतायला एक, घोटायला एक, सोऱ्या दाबायला दोघी. म्हणून शेतात असते तशी गल्लीत सावड असायची. आज अक्काच्या गच्चीवर, उद्या शेजारच्या, परवा पलीकडच्या. कोण कुणाकडे किती दिवस राबलं, याची एक्सेल शीट अक्काच्या डोक्यात. कधी चुकल्याचं आठवत नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. अक्काच्या सावडीची कंपनी झाली नाही, एवढाच काय तो फरक.

तीन वर्षांपूर्वी थंडीत अक्का गेली. वर्ष सरलं नव्हतं, म्हणून त्या उन्हाळ्यात घरात वाळवण घालायचं नाही असं ठरलं. अक्षय्य तृतीयेला मी उमरीत होतो. आंबे आले होते, रस निघाला होता. दुपारी शेजारच्या काकू आल्या. मागे आणखी दोघी, आणि मधे एक भला मोठा पत्र्याचा डबा.

"मागल्या साली अक्काबाई आमच्याकडं तीन दिवस आल्त्या," काकू म्हणाल्या. "फेडायचं राहून गेल्तं. हा त्यायचा हिस्सा."

डब्यात काठोकाठ कुरडया. तळाशी वेगळ्या कागदात बांधलेला तुटक्या कुरडयांचा चुरा. तो कशाला, हे विचारायची गरज नव्हती. त्या रात्री आम्ही त्याचीच भाजी केली.

अक्काची रेसिपी माझ्याकडे आहे, प्रमाणासकट. सोऱ्याही आहे. तेवढ्यानं भागत नाही, हे मला त्या डब्यानं शिकवलं. माणूस गेल्यावरही ज्याचा दिवस फेडायला लोक उन्हात उभे राहतात, ते प्रमाण कुठल्या वहीत लिहून ठेवता येत नाही.

यंदा सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागितली आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू चीक घोटतो म्हणाल्यात. ऑफिसातला एक तगडा मित्र सोऱ्या दाबायला तयार आहे, जिमची फी वाचेल म्हणतो. कावळे हाकायची पोस्ट तेवढी रिकामी आहे. पगार जुनाच: वाटीभर गरम चीक, दूध-साखर किंवा तेल-तिखट घालून. इच्छुकांनी पहाटे सहाला काठीसह हजर राहावं.