वळचणीचं पाणी आढ्याला

प्रत्येकाचं कोणी ना कोणी ‘तिकडे’ असतंच. चुलतभाऊ, कॉलेजचा मित्र, नाहीतर लग्न करून गेलेली बहीण. त्यांच्याशी फोनवर गप्पा कशावर होतात? पहिली काही वर्षं व्हिसा, मग पीआर आणि त्यानंतर... घर! घराचं कौतुक नव्हे, घराची दुखणी. ड्राइव्हवेला तडा गेला, फर्नेस बसली, बेसमेंटमध्ये ओल आली. इथे आपण सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावाने खडे फोडून मोकळे होतो. तिकडे सेक्रेटरी आपणच, खर्च आपलाच आणि खडे फोडायचे तेही स्वतःच्याच नावाने.

माझ्या मावसबहिणीच्या घराचं दुखणं होतं सॉफिट आणि फॅशिया. गेल्या मे-जूनमध्ये मी टोरांटोशेजारच्या मिसिसॉगात तिच्याकडे राहिले, आणि घरात दुसरा विषय म्हणून नव्हता.

ही काही इटालियन कॉफीची नावं नाहीत बरं का! छप्पर भिंतीच्या पुढे फूट-दीड फूट येतं, ती झाली वळचण. तिच्याखाली उभं राहून मान वर केली की जी बाजू दिसते ते सॉफिट. आणि वाशांची टोकं झाकणारी उभी फळी, जिच्यावर पावसाची पन्हळ टांगतात, ती फॅशिया. कोकणातल्या कौलारू घराला हे लाड लागत नाहीत. वासे उघडे, वारा मोकळा, पागोळ्या थेट अंगणात. पण कॅनडात पोटमाळा उघडा ठेवला तर तिथे खारी आणि रकून संसार थाटतात. म्हणून वळचण खालून बंद करायची. मात्र पूर्ण बंद करायची नाही. सगळी मेख इथेच आहे.

ताईचं घर ऐंशीच्या दशकातलं. वळचणीला प्लायवूड, फॅशियाला लाकडी फळी, दोन्हींचा रंग पोपडे धरून सुटलेला. पण तिला खरी काळजी होती वेगळ्याच गोष्टीची. फेब्रुवारीत बेडरूमच्या छतावर चहा सांडल्यासारखा डाग उमटला आणि बर्फ वितळेपर्यंत वाढत गेला. जिजूंचं निदान ठाम होतं : छपराचे शिंगल्स गेले. पण शिंगल्स चार वर्षांपूर्वीच नवे टाकलेले!

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपली जुनी माणसं सांगतात. बॉस, कॅनडात जातं! घरातली ऊब फटीफटींतून पोटमाळ्यात चढते आणि छपरावरचा बर्फ खालून वितळायला लागतो. ते पाणी उताराने वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब नाही, त्यामुळे तिथे पोहोचताच त्याचा पुन्हा बर्फ. होता होता छपराच्या काठावर बर्फाचा बांधच तयार होतो. मागून येणारं पाणी अडतं आणि उलटं, वरच्या दिशेने शिंगल्सखाली घुसतं. शिंगल्स बनवलेत वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?

उपाय ऐकायला विचित्र वाटतो : पोटमाळा थंड ठेवा. घराच्या छतावर इन्सुलेशनची जाड दुलई हवी, घरातली हवा वर जाणाऱ्या फटी बुजवायला हव्यात आणि दुलईच्या वर बाहेरची हवा खेळती हवी. ती सॉफिटच्या भोकांतून आत यायची आणि आढ्याजवळच्या झरोक्यांतून बाहेर जायची. ऑन्टॅरिओच्या बांधकाम नियमांत याचं मापही आहे. नेहमीच्या उताराच्या छपराखाली इन्सुलेशन केलेल्या छताच्या क्षेत्रफळाच्या निदान तीनशेवा भाग हवेसाठी मोकळा हवा. म्हणजे बाराशे चौरस फुटांना चार चौरस फूट. तोही सगळा एकाच जागी नाही, निदान पाव भाग वर आणि पाव भाग खाली.

ताईच्या सॉफिटला होत्या मोजून सहा छोट्या जाळ्या. त्यातल्या चार कोणीतरी रंग मारताना बुजवलेल्या!

पहिला कॉन्ट्रॅक्टर स्वतःहूनच दारात आला. ‘शेजारच्या गल्लीत काम चालू आहे, जाता जाता तुमचं छप्पर दिसलं...’ हातात चकाचक कॅटलॉग, पांढऱ्यापासून चॉकलेटीपर्यंत शेड्स. म्हणाला, जुनं काहीच काढायचं नाही, त्याच्यावरच ॲल्युमिनियम चढवू, दोन दिवसांत काम फत्ते, पुन्हा आयुष्यात रंग नको. आज सही केलीत तर डिस्काउंट. आता, ‘आयुष्यात रंग नको’ हे ऐकल्यावर दर तिसऱ्या उन्हाळ्यात शिडीवर चढणारा नवरा पेन शोधणारच. जिजूंनी शोधलं. ताईने ते शांतपणे काढून घेतलं आणि ‘विचार करून कळवतो’ म्हणून दार लावलं. (घरी बसून अशी सही झालीच, तर ऑन्टॅरिओच्या ग्राहक कायद्यात दहा दिवसांत करार रद्द करता येतो. तिकडच्या भावंडांना सांगून ठेवा.)

दुसरा कॉन्ट्रॅक्टर शेजाऱ्यांनी सुचवलेला. कमी बोलणारा, पन्नाशीचा. त्याने कॅटलॉग गाडीतून बाहेरही काढला नाही. शिडी लावली, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि फॅशियाच्या फळीत दर दोन हातांवर टोचत गेला. उत्तरेच्या कोपऱ्यावर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. मग पोटमाळ्यात चढून फोनवर फोटो काढून आणले : इन्सुलेशन वळचणीपर्यंत ठासून कोंबलेलं, हवेला यायला वाटच नाही.

पहिल्याचं ऐकलं असतं तर? बाहेरून घर नवंकोरं दिसलं असतं. भोकांचं सॉफिट बंद प्लायवूडवर बसलं असतं, म्हणजे बंद खिडकीला जाळीचा पडदा. कुजलेली फळी पत्र्याआड आणखी कुजली असती, आणि एखाद्या हिवाळ्यात बर्फाने भरलेल्या पन्हळीच्या वजनाने खिळे उपटून आले असते. बेडरूममधला डाग पुन्हा उगवला असता, आणि तोवर ‘शेजारच्या गल्लीतलं काम’ संपवून तो इसम कुठल्या गल्लीत असता कोणास ठाऊक! दुसऱ्याचं कोटेशन जवळजवळ दीडपट होतं. त्यावर दोन रात्री खल झाला. घराचा हप्ता, कारचा हप्ता, लेकीचा डेकेअर... ताईने शेवटी डिसेंबरचं भारताचं तिकीट पुढे ढकललं. मावशी फोनवर काही बोलली नाही. फक्त ‘छपराला पत्रा लावायला एवढे पैसे?’ असं विचारून गप्प झाली.

काम बघायला मात्र मजा आली. आधी पन्हळ उतरवली, मग कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकल्या. प्लायवूड कापून काढलं, आणि वाशांच्या मधल्या जागेत इन्सुलेशन मागे सारून फोमची पन्हाळी बसवली, हवेला वाट राहावी म्हणून. मग भिंतीवर लेव्हल धरून चॅनल ठोकलं. सॉफिटच्या भोकाभोकांच्या पट्ट्यांचं एक टोक त्यात सरकवायचं, दुसरं फॅशियाच्या फळीखाली खिळ्याने धरायचं. पट्टी मापापेक्षा पाव इंच कमीच कापायची. का? तर ॲल्युमिनियम उन्हात वाढतं. दहा फुटांचा तुकडा उणे पंचवीसपासून पस्तीस अंशांपर्यंत जाताना चार मिलिमीटरने लांबतो. म्हणूनच खिळासुद्धा घट्ट ठोकायचा नाही. सगळीकडून आवळून बसवलेल्या पत्र्याला लाटा येतात. आपला तेलाचा डबा दाबला की टण्णकन आत-बाहेर होतो ना, तसंच. इंग्रजीत त्याला म्हणतातही ‘ऑइल कॅनिंग’!

सगळ्यात शेवटी फॅशिया. पत्र्याचा रोल अंगणातच वाकवण्याच्या मशीनमध्ये घालून काटकोनात दुमडायचा. वरची कड शिंगल्सच्या काठाखाली सरकवायची, खालची कड सॉफिटच्या टोकांवर. एकही कापलेली कड उघडी दिसत नाही. माणसं दोरीने बांधलेली होती, कारण तिकडे तीन मीटरच्या वर बांधकाम कामगाराला पडण्यापासून संरक्षण सक्तीचं आहे. आपल्या बांबूच्या परातींवर चपला घालून चढणारी पोरं आठवली.

काम तीन दिवसांत संपलं, एक कोपरा सोडून. मागच्या बाजूला पन्हळीच्या कोपरावर रॉबिनचं घरटं होतं, निळी चार अंडी असलेलं. १९९४च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानुसार ते हलवता येत नाही. गंमत म्हणजे आपली चिमणी तिथे या यादीत नाही, ती युरोपातून आणलेली म्हणून. आपल्याकडे नाशिककरांनी तिच्यासाठी जागतिक दिवस सुरू केला आणि तिकडे ती उपरी! त्या कॉन्ट्रॅक्टरने मात्र कायद्याचा उल्लेखही केला नाही. ‘पिल्लं उडाली की फोन करा,’ एवढंच म्हणाला आणि त्या तुकड्याचे पैसे बाकी ठेवून गेला.

मी पुण्यात परतले त्यानंतर दोन आठवड्यांनी ताईचा मेसेज आला : पिल्लं गेली, पत्रा लागला, बाकीचा चेक दिला. डागावर तिने अजून रंग मारलेला नाही. आधी एक फेब्रुवारी बघणार आहे.