भात बंद? आधी कोणता, ते विचारा

हुरड्याची गोडी फार दिवस टिकत नाही. कणसातला दाणा दुधाळ असतो तोवर गोड लागतो. थोडा उशीर झाला की तीच ज्वारी पिठूळ होते. या दिवसांत दाण्यात एक कारखाना जोरात चालू असतो. पानांत तयार झालेली साखर दाण्यात येते आणि विकरांची, म्हणजे एन्झाइमची, एक साखळी तिचे स्टार्चमध्ये रूपांतर करते. स्वीट कॉर्नमध्ये या साखळीतली एक कडी जनुकातल्या दोषामुळे निकामी असते, म्हणून ते गोड राहते आणि वाळले की सुरकुतते.

तांदळातही हीच साखळी असते. मधुमेहाचे निदान होताच ‘भात बंद’ असा सल्ला मिळणाऱ्यांनी ती समजून घेण्यासारखी आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर आहे. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात भाताशिवाय जेवण होत नाही. तिथे असा सल्ला चार दिवस पाळला जातो आणि मग सोडला जातो.

स्टार्च दोन प्रकारचे असते. अमायलोज ही ग्लुकोजची जवळपास सरळ साखळी, तर अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेले झाड. फांद्यांची टोके पुष्कळ, त्यामुळे पाचक रस चहूबाजूंनी भिडतात आणि ग्लुकोज लवकर सुटते. सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात आणि सावकाश पचतात. यातले अमायलोज किती बनणार, हे तांदळात मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरचे ‘वॅक्सी’ नावाचे जनुक ठरवते. जपानी धाटणीच्या तांदळात या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, ‘जी’च्या जागी ‘टी’. तेवढ्याने विकर कमी बनते, अमायलोज घटते आणि भात चिकट होतो. जनुक पूर्णच बंद असेल तर ईशान्य भारतात आवडीने खाल्ला जाणारा पूर्ण चिकट तांदूळ तयार होतो. आपल्याकडे इंद्रायणीचा भात मऊ, चिकट आणि कोलमचा मोकळा होतो, त्यामागेही बव्हंशी अमायलोजचेच प्रमाण आहे.

म्हणजे ‘भात’ ही एक वस्तू नाहीच. २०११ मध्ये फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ यांनी २३५ वाण तपासले. त्यांचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते याचे माप, ४८ ते ९२ इतका पसरलेला निघाला. ५५ पर्यंतचा निर्देशांक कमी मानतात. कमी निर्देशांकाच्या वाणांत आपल्या पूर्व आणि दक्षिण भारतात लाखो शेतकरी पिकवतात तो स्वर्णा होता. मधुमेहींसाठी म्हणून तो कोणी घडवला नव्हता. भरघोस उत्पन्नासाठी घडवला होता.

आता जाणूनबुजून घडवण्याचेही प्रयत्न आहेत. अमायलोपेक्टिनला फांद्या जोडणारे विकर अडवले की अमायलोजचा वाटा वाढतो. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्यात असेच एक विकर बिघडलेले होते, हे १९९० मध्ये उमगले. याच वाटेने, सांबा मसुरीच्या संकरातून, ४५ पेक्षा कमी निर्देशांकाचा तांदूळ मिळाल्याचे फिलिपिन्समधल्या त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जाहीर केले. मात्र अमायलोज फार वाढले की भात टणक होतो आणि दाणाही नीट भरत नाही. मऊ भाताची सवय असलेल्या घरात तो किती दिवस शिजेल, ही खरी परीक्षा.

या विज्ञानाचा बाजारात मात्र विपर्यास चालतो. ‘शुगर फ्री तांदूळ’ असे काही अस्तित्वात नाही. बहुतेक स्टार्चचे शेवटी ग्लुकोजच होते, कमी निर्देशांकाच्या तांदळातही. फक्त वेग कमी होतो. दुप्पट वाढून घेतला तर तोही फायदा जातो. ‘जीआय’ या अक्षरांनी गोंधळात भरच घातली आहे. मुळशीच्या आंबेमोहराला आणि आजरा घनसाळला २०१६ मध्ये मिळालेले जीआय हे भौगोलिक मानांकन आहे, रक्तशर्करेशी त्याचा काही संबंध नाही. उलट कोकण-गोव्याच्या उकड्या तांदळाबद्दल कोणी जाहिरात करत नाही. धान उकडून वाळवताना त्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट होतो आणि सावकाश पचतो. पेज पिणाऱ्या पिढ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ग्राहकाला हवी ती माहिती द्यायला महागडे तंत्र लागत नाही. अमायलोजची चाचणी आयोडीनच्या निळ्या रंगावरून होते, आणि नवा वाण प्रसारित करताना ती केलीही जाते. तो आकडा शेतकऱ्याच्या बियाण्यापाशीच थांबतो. गिरणीत चार वाण एकत्र झाले की संपतो. सरकारी खरेदीत धानाचे ‘साधारण’ आणि ‘अ’ असे दोनच दर्जे आहेत. ते ठरतात दाण्याच्या लांबी-रुंदीवरून. आत कोणते स्टार्च आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. पाकिटबंद तांदळावर वाणाचे नाव आणि अमायलोजचे प्रमाण छापण्याची सक्ती करायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाला हरकत नसावी. रेशनच्या पोत्याचे काय करायचे, हा प्रश्न अवघड आहे, आणि पुष्कळ घरांत भात त्याच पोत्यातून शिजतो.