हंगामाची वही

दिवाळीच्या सुमारास कंधारच्या बाजारपेठेत दोन हंगाम बरोबरच सुरू होतात. एक शेतमालाचा. सोयाबीनची आवक सुरू झालेली असते, कापसाच्या पहिल्या वेचण्या येऊ लागतात, लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. दुसरा हंगाम रणजी करंडकाचा. त्याची पूजा कोणी करीत नाही, त्याचा भाव फलकावर लागत नाही. तरीही गावोगावच्या पेढ्यांवर असा एखादा मनुष्य आढळतो, जो सकाळी वर्तमानपत्र हाती येताच बाजारभावाच्या आधी क्रीडापानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला महाराष्ट्राचा धावफलक पाहतो. हल्ली तेच काम भ्रमणध्वनीवर होते. साधन बदलले, ओढ तीच राहिली.

ही ओढ व्यवहाराच्या कसोटीवर टिकणारी नाही. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ अशा लागोपाठच्या दोन हंगामांत. तेव्हा कर्णधार होते पुण्यात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक दि. ब. देवधर. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या होत्या. त्यानंतर करंडक पुन्हा महाराष्ट्राच्या वाट्याला आला नाही. आज दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या कोणाही चाहत्याने आपल्या संघाला विजेता झालेले पाहिलेले नाही. त्याच्या वडिलांनीही बहुधा नाही.

कंधारच्या बाबतीत तर हिशेब आणखी विचित्र आहे. महाराष्ट्र जिंकत होता तेव्हा कंधार निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचा हैदराबाद संघ १९३७-३८ मध्ये अंतिम सामन्यात नवानगरवर केवळ एक गडी राखून विजयी झाला. भूगोलाने पाहिले तर कंधारच्या वाट्याचा तो एकच करंडक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा मराठी मुलुखाला येऊन मिळाला. पुढे १९८६-८७ मध्ये हैदराबाद पुन्हा विजेता झाला, परंतु तोवर नांदेड जिल्ह्याचे खाते पुण्याच्या पेढीवर वर्ग झालेले होते. शेजारी पैनगंगेपलीकडच्या यवतमाळचा संघ विदर्भ. त्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशा लागोपाठच्या हंगामांत करंडक घरी नेला. मुंबईच्या करंडकांनी तर चाळिशी केव्हाच ओलांडली. एकाच राज्यात तीन संघ, आणि ज्याच्या नावावर सबंध राज्याचे नाव आहे त्याच्याच पदरी ही प्रतीक्षा.

या संघाच्या वहीत अर्धवट राहिलेल्या नोंदीही आहेत. डिसेंबर १९४८ मध्ये, म्हणजे मराठवाडा मुक्त होऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर पोहोचले. ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम अवघ्या काही फटक्यांवर होता. प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्यास नकार दिला, सामना तिथेच संपला, आणि विक्रम नऊ धावांनी दूर राहिला तो कायमचाच. निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. येणे बाकी राहिले, पण माणसाने उलाढाल थांबविली नाही. पुढेही कितीतरी वर्षे ते खेळत राहिले.

चाहत्याला हंगाम कसा जगावा लागतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१३-१४ चे वर्ष. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, स्पर्धा सुरू झाली. साऱ्या देशाचे लक्ष हरियाणातील लाहलीकडे होते, कारण तेथे सचिन तेंडुलकर मुंबईकडून आपला अखेरचा रणजी सामना खेळत होता. ‘क’ गटातील महाराष्ट्राकडे पाहण्यास कोणाला सवड होती? गटात आठ सामने, प्रत्येक चार दिवसांचा. निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास एक जादा, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी असेल तर ३, पिछाडी असेल तर १. व्यापाऱ्याला हा हिशेब चटकन उमजतो. विजय हा रोखीचा सौदा, आघाडी म्हणजे हाती पडलेला बयाणा, आणि हरलेल्या दिवशीही चिवटपणे खेळून मिळविलेला एक गुण म्हणजे भांडवल बुडू न देणे.

सोयाबीनची आवक ओसरली, तुरीची वाट पाहणे सुरू झाले, आणि महाराष्ट्र आपल्या गटात पहिला आला. केदार जाधव धावांमागून धावा काढीत होता. मराठवाड्याला विशेष आनंद होता तो जालन्याच्या विजय झोलचा. रणजी पदार्पणातच त्याने त्रिपुराविरुद्ध द्विशतक झळकाविले. संघात पैठणचा अंकित बावणे होता, आणि अहमदनगरचा वेगवान गोलंदाज अनुपम संकलेचाही. त्याचे आडनाव धावफलकात वाचताना अनेक व्यापारी घरांत क्षणभर आपलेपणाचे हसू उमटले असेल.

जानेवारीत उपांत्यपूर्व सामना गतविजेत्या मुंबईशी, तोही वानखेडेवर. पहिल्या डावात शंभराहून अधिक धावांची पिछाडी. येथे वही मिटून ठेवावी असेच कोणालाही वाटले असते. पण दुसऱ्या डावात मुंबई अल्प धावसंख्येत कोसळली, जाधव आणि झोल नाबाद राहिले, आणि आठ गडी राखून महाराष्ट्र जिंकला. इंदूरच्या उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ धावांत आटोपला आणि दहा गड्यांनी विजय मिळाला.

अंतिम सामना हैदराबादला झाला. कंधारहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. ज्या शहराकडे एके काळी नांदेड जिल्ह्याचे सारे कागद जात, त्याच शहरात महाराष्ट्र करंडकासाठी उतरला. पहिल्या डावात ३०५ धावा झाल्या. कर्नाटकाने ५१५ धावांचा डोंगर उभा केला. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ३६६ धावा काढून झुंज दिली, पण २ फेब्रुवारी २०१४ रोजी कर्नाटक सात गड्यांनी विजयी झाले. केदार जाधवच्या हंगामभरातील धावा १२२३, त्या वर्षी देशात सर्वाधिक. वहीत जमा भरपूर होती, फक्त अखेरची ओळ हवी तशी आली नाही.

मग या साऱ्यातून चाहत्याला मिळते काय, असा प्रश्न घरातली तरुण मुले विचारतात. त्यांच्यासमोर तीन तासांत निकाल लावणारे रोषणाईचे सामने असतात. त्या खेळाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच्या सावलीत जे चालते त्याकडे व्यापारी घरांनी डोळेझाक करू नये. पुढच्या चेंडूवर काय होईल यावर पैसा लावणारी साखळी बाजारपेठांतून फिरते, आणि दुकानाच्या गल्ल्यापासून तिचे अंतर फार नसते. घामाने उभी केलेली पेढी मुलाच्या हातातील यंत्रातून निसटून जावी, आणि बापाला ते वसुलीवाला दारात आल्यावर कळावे, हे दुःख अनेक गावांनी पाहिले आहे. सप्तव्यसनांत जुगाराचे नाव पहिले घेतले जाते, ते उगीच नव्हे. बाकीच्या सहांची वाट तो मोकळी करून देतो.

रणजीचा चाहता याच्या नेमका उलट उभा असतो. तो लावतो ते प्रेम, आणि परत मागत नाही. जो चार-चार महिने एका संघाचा पाठपुरावा करतो, त्याला एका चेंडूची घाई राहत नाही. त्याला ठाऊक असते की पहिल्या दिवशी बुडालेला डाव तिसऱ्या दिवशी सावरतो, आणि सावरलेलाही कधी अखेरच्या सत्रात हातचा जातो. इंग्लंडात काउंटी संघांचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या असेच जगत आले आहेत. ज्या सॉमरसेटकडून १९८० मध्ये सुनील गावसकर खेळले, त्या संघाला शतकाहून अधिक काळात काउंटी विजेतेपद एकदाही मिळालेले नाही. तरीही दर एप्रिलला तेथील माणसे थंडीवाऱ्यात डबा आणि घोंगडी घेऊन मैदानावर येऊन बसतात. आजोबांनी पाहिले, नातू पाहतो.

घरात मुलाला व्यवहार शिकविताना नफ्याची उदाहरणे पुष्कळ दिली जातात. तोट्याच्या वर्षी मन कसे स्थिर ठेवावे, याची उदाहरणे मात्र शोधावी लागतात. एखाद्या संध्याकाळी दुकान वाढविल्यावर बापाने मुलाला शेजारी बसवून महाराष्ट्राच्या चार दिवसांचा धावफलक वाचून दाखवावा. कोण कितीवर बाद झाला, कोणी दिवसभर किल्ला लढवून सामना वाचविला, कोणाचे शतक थोडक्यात हुकले, याच्या गप्पा व्हाव्यात. मूल हातातले यंत्र बाजूला ठेवून ऐकू लागले, तर त्या घराने करंडकाहून मोठे काही मिळविले असे समजावे.

मन्याडच्या काठी कंधारचा किल्ला शतकानुशतके उभा आहे. राज्ये आली, गेली, किल्ल्याचा खंदक पावसाळ्यागणिक भरत आणि उतरत राहिला. पुढच्या दिवाळीला पुन्हा वह्यांवर स्वस्तिक उमटेल, पुन्हा क्रीडापानाच्या तळाशी महाराष्ट्राचा पहिला धावफलक छापला जाईल. ज्याने मागच्या वर्षीची बाकी मनाला लावून घेतली नाही, तो नवे पान शांतपणे उघडील.