वेळापत्रकाला कुलूप कशाला?

बोनकोडे गावातल्या आमच्या घरी जुन्या लॅपटॉपवर कोडी चालतं. गच्चीवर डिश, आत ट्यूनर. चॅनेल झकास दिसतात, पण कार्यक्रमपत्रिका उघडली की बहुतेक चौकोन रिकामे. आजी विचारते, "नाटक किती वाजता रे?" घरात इंजिनियर असून उत्तर नाही!

"फुकटची स्क्रिप्ट टाक की," मित्र म्हणतात. टाकली. ती एका वेबसाइटवरून वेळा खरवडून आणते. साइटची रचना बदलली की स्क्रिप्ट मेली. मग कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून ती फुकट दुरुस्त करणार.

खरं तर या वेळा चॅनेलकडे असतातच. एक्सएमएलटीव्ही हा साधा मजकुराचा साचा आहे: चॅनेल, सुरुवात, शेवट, नाव. रोज एक फाइल खुली ठेवायची, संपलं.

आयर्लंडमध्ये 'मॅगिल' प्रकाशनाला आठवड्याभराच्या वेळा एकत्र छापायच्या होत्या. प्रसारकांनी स्वामित्वहक्क दाखवून अडवलं. एप्रिल १९९५मध्ये युरोपीय न्यायालयाचा निकाल प्रसारकांच्या विरोधात गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. लहरी आपल्या, मग त्यांवरच्या कार्यक्रमांच्या वेळा आपल्यापासून लपवायच्या कशाला?

"अ‍ॅप आहे की!" आहे ना. पण अ‍ॅप आपण काय बघावं ते सुचवतं. वेळापत्रक काय लागणार आहे ते सांगतं, निवड आपली. एसटी स्टँडवरचा वेळांचा फलक वाचायला कुणी लॉगिन मागतं का?

चॅनेलला परवानगी देतानाच ही फाइल खुली ठेवायची अट घाला. हे उपकार नाहीत, हक्क आहे.