पंचेचाळिशीच्या चौघी

बाईला वय विचारू नये म्हणतात. पण सरकारं विचारतात, आणि लेखी विचारतात. हजच्या बाबतीत तर कित्येक वर्षं सगळं एका आकड्यापाशी अडून होतं. तो आकडा म्हणजे ४५.

सौदी अरेबियाचा जुना नियम असा होता की हजला येणाऱ्या बाईबरोबर तिचा मेहरम हवा. मेहरम म्हणजे नवरा, किंवा ज्याच्याशी तिचं लग्न होऊच शकत नाही असा जवळचा नातलग: बाप, भाऊ, मुलगा वगैरे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला मात्र थोडी सूट होती. ती एखाद्या गटाबरोबर येऊ शकत असे, पण नवऱ्याचं, भावाचं किंवा मुलाचं नोटरीसमोर केलेलं ना-हरकत पत्र बरोबर आणायचं. म्हणजे ज्याचं नाक पुसलं, ज्याला पाढे घोकून घेतले, ज्याच्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या, तोच आता आईच्या कागदावर सही करणार!

भारतात तर ही सूटही नव्हती. ती आली २०१८ च्या हजपासून. अफझल अमानुल्ला समितीने २०१७ मध्ये सुचवलं की पंचेचाळिशीच्या पुढच्या किमान चार जणी एकत्र येत असतील तर त्यांना मेहरमशिवाय जाऊ द्यावं. पहिल्याच वर्षी तेराशेच्या आसपास अर्ज आले आणि त्यांना लॉटरीतून वगळलं गेलं. २०२३ साली अशा चार हजारांवर बायका हजला गेल्या. तोवर खुद्द सौदीनेही, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, मेहरमची अट नसल्याचं जाहीर करून टाकलं होतं.

आता पंचेचाळीसच का, ते कुठे लिहिलेलं नाही. पण बायकांना सांगायला नको. भारतीय बायकांची पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास येतं, पाश्चात्य देशांत ते एक्कावन्नच्या घरात असतं. म्हणजे शरीराचं कॅलेंडर संपत आलं की बाई 'निर्धोक' होते आणि तिला एकटीने देवाच्या दारी जायची मुभा मिळते. कुणी नाक मुरडण्याआधी सांगते, आपल्या घरांतही निराळं काय होतं? माझ्या आजीची पाळी गेल्यावर शेजारणी म्हणाल्या होत्या, "सुटलीस गं बाई, आता देवधर्माला मोकळी." सोवळं-ओवळं, नैवेद्याचा स्वयंपाक, वारी, सगळ्याची दारं त्याच किल्लीने उघडत. फरक एवढाच की आजीला पासपोर्टवर जन्मतारीख दाखवावी लागली नाही.

हे सगळं मला एरवी कळलंही नसतं. आम्ही राहतो जेद्दात, म्हणजे प्रशासकीय हिशेबाने मक्का प्रांतातच. पत्त्यात मक्का आहे, पण मक्केत पाऊल टाकता येत नाही. मुसलमानेतरांना ती वेस बंद आहे. ताइफला गुलाब बघायला जाताना गाडी मक्केच्या अलीकडे वळवून बाहेरच्या रस्त्याने काढावी लागते. तेव्हा माझी मक्का ही ऐकीव आहे, आणि ऐकवली ती आमच्याच मजल्यावरच्या भाभींनी. भाभी मूळच्या दापोलीकडच्या. माझ्याशी मराठीत बोलतात, मुलांवर कोकणीत ओरडतात आणि ड्रायव्हरशी तिसऱ्याच कुठल्याशा अरबीत. २०२३ च्या हजला त्यांची थोरली बहीण गावाकडच्या तिघींबरोबर बिनमेहरम गटातून आली. बहीण ऐंशी किलोमीटरवर, पण हजच्या मोसमात परवाना नसलेल्या रहिवाशांनाही मक्केत सोडत नाहीत. त्यामुळे महिनाभर भाभींच्या ओट्यावर फोन स्पीकरला लावलेला आणि आम्ही दोघी सांदणं वाफवत चौघींचं हज ऐकतोय, असं चाललं होतं.

चौघींची ओळख करून देते. भाभींची बहीण, अठ्ठावन्न, विधवा, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. दुसऱ्या निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात. तिसरी सर्वांत लहान, नुकती सेहेचाळीस पूर्ण. चौथीचा नवरा घरात धडधाकट होता, पण "माझं बघू पुढच्या वर्षी" असं पाच वर्षं म्हणत होता. शेवटी ती म्हणाली, तुम्ही बघत बसा, मी जाते.

या चौघींना 'मेहरमशिवाय' म्हणायचं याचं मला राहून राहून हसू येई. रत्नागिरी-रायगडातल्या या घरांतला कर्ता पुरुष तीस-तीस वर्षं आखातात असायचा. दोन वर्षांतून एकदा पेट्या घेऊन यायचा आणि पेट्या रिकाम्या झाल्या की परत जायचा. पावसाआधी कौलं कुणी चाळली? भाताची लावणी कुणी करून घेतली? बँक, तलाठी, मुलाचा मोडलेला हात, सासऱ्याचं शेवटचं आजारपण? सगळं याच बायकांनी. तेव्हा कुणी विचारलं नाही की बरोबर कोण आहे. भाभींची बहीण एकदा फोनवर म्हणाली, "आम्ही लग्न झाल्यापासून बिनमेहरमच होतो की गं, कागद आत्ता मिळाला."

आता मधल्या वयाची खरी अडचण. काबाभोवतीच्या प्रदक्षिणेला, तवाफला, पाळी चालत नाही. अराफातच्या मैदानावर उभं राहणं, मिनातला मुक्काम, खडे मारणं हे सगळं त्या दिवसांत करता येतं, पण अराफातनंतरचा तवाफ हा हजचा गाभा. तो झाल्याशिवाय हज पुरं होत नाही. त्यामुळे तरुण बायका पाळी लांबवायच्या गोळ्या घेऊन येतात. हे काही आपल्याला नवीन नाही. गौरी-गणपतीला, मुंजीला, सत्यनारायणाला याच गोळ्या आपल्यातल्या किती जणींनी गिळल्यात, हात वर करा! (मी पूर्ण केलाय.) पण या गोळीचं गणित असं की ती पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची. सेहेचाळिसाव्या वर्षी अपेक्षित तारीख आणायची कुठून? कधी वीस दिवसांनी येते, कधी अडीच महिने गायब, कधी आली की जायचं नाव नाही. निघण्याआधी डॉक्टरांनी तिसरीला तारीख विचारली तेव्हा ती म्हणाली म्हणे, "तारीख असती तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

गोळ्या घेऊनही व्हायचं ते झालंच. चौघी मिनातून अझीझियातल्या बिल्डिंगवर परतल्या आणि हिला सुरू झालं. परतीचं विमान बाराव्या दिवशी. तवाफ राहिलेला. आणि त्या वयातला रक्तस्राव, तो पाच दिवसांत थांबेल याची हमी कोण देणार? ती खोलीत तोंड फिरवून पडून राहिली. कुणाला विचारायचं म्हटलं तर मार्गदर्शन करणारे मौलाना पुरुष, आणि त्यांच्यासमोर हा विषय काढायचा म्हणजे धरणी दुभंगावी.

मग बाई उठल्या. छत्तीस वर्षं पोरांसमोर खडूने फळा लिहिलेली बाई ती. फोन लावला आणि वर्गात प्रश्न विचारावा तशा खणखणीत आवाजात विचारलं की पाळी किती दिवसांपर्यंत धरायची आणि त्यापुढचं काय धरायचं? उत्तर आलं. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यात पाळीची कमाल मुदत पंधरा दिवसांची, हनफींमध्ये दहाची. त्यापुढे जे जाईल ते पाळी नव्हे, तो आजार. त्यात धुऊन, वुजू करून तवाफ चालतो. म्हणजे जुन्या पंडितांनी याचा बारकाईने विचार करून ठेवलेला आहे, फक्त विचारायला एक तोंड हवं होतं! पण हिशेब मांडला तर पंधरा दिवस आणि विमान बाराव्या दिवशी. भाभी इकडे माझ्या ओट्याला टेकून बोटं मोजतायत, मी कॅलक्युलेटर घेऊन. तीन दिवसांची तूट काही केल्या भरून निघेना.

इथे जरा विषयांतर. हॉट फ्लश नावाचा जो प्रकार आहे तो मी इंजिनियरच्या भाषेत सांगते, कारण डॉक्टरांच्या भाषेत तो कळल्याचा फक्त भास होतो. आपल्या मेंदूत एक थर्मोस्टॅट आहे. एसीचा थर्मोस्टॅट जसा एखाद्या अंशाच्या फरकाला दाद देत नाही, थोडी मोकळीक ठेवतो, तसाच हाही ठेवतो. इस्ट्रोजेन घटलं की ही मोकळीक आक्रसते. मग शरीराचं तापमान किंचित वाढलं तरी थर्मोस्टॅट घाबरतो आणि सगळे पंखे एकदम चालू करतो: चेहरा लाल, पाठीवर घामाची धार, आणि पाच मिनिटांनी हुडहुडी. आमच्याकडे रात्री एसीवरून जे युद्ध होतं त्यात नवरा दुलईत आणि मी दुलईच्या विरोधात असते. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये तर सगळ्यांना वाटतं मी चिडलेय. (कधीकधी चिडलेलीही असते, तेव्हा हे कारण उपयोगी पडतं.)

हे सगळं घरात ठीक आहे हो. पण तीच बाई मक्केच्या जूनमधल्या उन्हात उभी केली तर? तिथे विनोद संपतो. २०२४ च्या हजमध्ये मक्केत तापमान ५१.८ अंशांवर गेलं. १३०१ माणसं गेली, त्यांतले बहुतेक परवान्याशिवाय आलेले, म्हणजे ज्यांना ना तंबू ना गाडी, चालतच जावं लागलं. भारताचे ९८ यात्रेकरू त्या वर्षी परतले नाहीत. ज्या वयात शरीराचा थर्मोस्टॅट बिघडतो त्याच वयात जायची मुभा मिळायची, हा त्या पंचेचाळीस आकड्याचा आणखी एक गुण. आमच्या चौघींकडे परवाना होता, मिनात थंड तंबू होता, आणि बाईंनी प्रत्येकीला छत्री, मिठाची पुडी आणि पाण्याची बाटली यांची हजेरी रोज सकाळी द्यायला लावली होती. बाकी कुणाचं काही असो, पाणी प्यायला विसरायची कुणाची हिंमत नव्हती.

विसरण्यावरून आठवलं. तवाफच्या सात फेऱ्या, मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा. या वयात आपण स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येतो आणि कशाला आलो ते आठवत नाही, तिथे त्या गर्दीत फेऱ्या मोजायच्या! चौघींचे चार आकडे. एकीची पाचवी, एकीची सहावी, दोघींचं "मी तुमच्या भरवशावर होते". नियम असा की शंका आली तर लहान आकडा धरायचा. त्यामुळे पहिल्या वेळी त्यांच्या बहुधा आठ फेऱ्या झाल्या. पुढच्या वेळी बाईंनी प्रत्येकीच्या बोटांत सात रबरबँडं घातली आणि फेरी झाली की एक काढायचं ठरलं. चष्मा लावला तर घामाने धूसर, काढला तर चपलांचा नंबर दिसत नाही, हा प्रश्न मात्र बाईंनाही सुटला नाही. चौथी तीन वेळा अनवाणी परतली.

सफा-मरवाच्या त्या खेपा म्हणजे बीबी हाजराची धावपळ. तान्ह्या इस्माईलला पाणी मिळावं म्हणून ती बाई या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, आणि मग झमझमचा झरा लागला, अशी कथा. एकटीच होती. बरोबर कुणी मेहरम नव्हता. आज त्या वाटेवर हिरव्या दिव्यांच्या पट्ट्यात पुरुष धावतात आणि बायकांनी चालायचं असतं. भाभींच्या बहिणीचे गुडघे या नियमावर खूष होते. सगळं मिळून तीनेक किलोमीटर होतात. ती म्हणाली, "ती धावली ते खडकावर, ऊन डोक्यावर. आम्हाला फरशी, वर एसी. तक्रार कुठल्या तोंडानं करू?"

तिसरीचं सातव्या दिवशी थांबलं. बाकी तिघींचे तवाफ केव्हाच झाले होते, पण त्या आठवडाभर बाजारात गेल्या नाहीत, मदिनेच्या खजुरांची खरेदी नाही, काही नाही. रात्री दोन वाजता, गर्दी जरा ओसरते तेव्हा, चौघी मिळून निघाल्या. त्या रात्री भाभी झोपल्या नाहीत आणि मलाही झोपू दिलं नाही. पहाटे फोन आला तेव्हा पलीकडून शब्द काही येईनात, नुसता चौघींच्या रडण्याचा आवाज, आणि मध्येच बाई म्हणतायत, "रबरबँडं परत करा, मोजून."

मोसमाचे निर्बंध उठल्यावर भाभी हरमैन रेल्वेने बहिणीला भेटून आल्या. २०१८ मध्ये सुरू झालेली ही गाडी ताशी तीनशे किलोमीटरने पळते, आणि २०२३ च्या सुरुवातीला ती चालवणाऱ्यांत ३२ सौदी बायका दाखल झाल्या. त्या तीसेक जागांसाठी अठ्ठावीस हजार बायकांचे अर्ज आले होते! याच देशात २०१८ च्या २४ जूनपर्यंत बाईला साधी मोटार चालवायची परवानगी नव्हती. अमेरिकेतल्या बर्फात बिनघोर गाडी हाकलेली मी इथे कितीतरी दिवस मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरला "डावीकडे, डावीकडे" सांगत होते. भाभी येताना माझ्यासाठी झमझमची छोटी बाटली घेऊन आल्या. ती फ्रिजमध्ये गंगेच्या तांब्याशेजारी ठेवली आहे. दोघींचं पटतंय असं दिसतं.

चौथीचं सांगायचं राहिलं. घरी पोचल्यावर महिनाभर तिच्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ, गावात मान वाढलेला, आणि नवरा चहाचे कप उचलतोय. शेवटी एका रात्री तो म्हणाला की पुढच्या वर्षी मी जाईन म्हणतो, तू चल सोबतीला. ती म्हणाली, "माझं झालं. तुम्ही अर्ज करा, पुरुषांची लॉटरी असते."

त्याचा अर्ज गेला आहे. सोबत शोधणं चालू आहे.