ऋण काढून सबलीकरण

अलीकडे स्त्रियांच्या उन्नतीविषयी जे काही बोलले व लिहिले जाते त्यात ‘सबलीकरण’ हा शब्द इतक्या वेळा येतो की, त्याचा अर्थ काय असे विचारणे असभ्यपणाचे ठरू लागले आहे. आम्ही तो असभ्यपणा करण्याचे योजिले आहे. स्त्रीच्या हाती पैसा द्या, ती सबल होईल. ती सबल झाली की घर सावरेल, घर सावरले की वस्ती सावरेल, आणि एवढे झाल्यावर नद्या, झाडे व हवामान हीही तिच्याच हातून सुधारतील, अशी ही विचारमालिका आहे. ऐकावयास ती गोड आहे. तिच्यात खोट एवढीच की, स्त्रीच्या हाती द्यावयाचा तो पैसा बहुधा कर्जाऊ असतो, आणि ही गोष्ट व्यासपीठावरून कोणी उच्चारीत नाही.

आमचा आक्षेप बचत गटांवर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने महाराष्ट्रात ठिकठिकाणी गट उभे केले. १९९२ साली नाबार्डने अशा गटांस बँकांशी जोडून देण्याचा उपक्रम हाती घेतला. जिने जन्मात बँकेचा उंबरठा ओलांडला नव्हता ती बाई पासबुक वाचू लागली, चारचौघींत उभी राहून हिशेब विचारू लागली. हे थोडे नव्हे. परंतु स्वतःच्या शिलकेतून एकमेकींस उसने देणारा गट निराळा, आणि पाच-दहा जणींस एकमेकींच्या कर्जास जामीन म्हणून बांधून आठवड्या-पंधरवड्यास वसुलीस येणारी कंपनी निराळी. दोहोंस एकाच नावाने गौरविल्यामुळे दुसरीला पहिलीचे पुण्य फुकट मिळते.

ह्या दुसऱ्या प्रकारात तारण मागत नाहीत, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. तारण असतेच, ते म्हणजे शेजारणीची अब्रू. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात, आणि कंपनीचा माणूस खुर्चीवर बसून वाट पाहतो. मग वसुली उत्तम होते व त्या वसुलीचे आकडे सबलीकरणाचा पुरावा म्हणून पुढे मांडले जातात! हप्ता वेळेवर आला एवढ्यावरून तो कोठून आला हे कळत नाही. मुलीची फी थकली, की मंगळसूत्र गहाण पडले, की एका कंपनीचे कर्ज काढून दुसरीचा हप्ता भागविला, ह्याची नोंद कोणत्याही वहीत सापडावयाची नाही. कर्ज तिच्या नावावर आणि पैसा मात्र घरातील पुरुषाच्या हाती, हा प्रकार बांगलादेशात किती सर्रास चालतो, हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले होते. दहा वर्षांनी, २००६ साली, त्याच देशातील ग्रामीण बँकेस व तिच्या संस्थापकांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गजरात तो अभ्यास कोणास आठवला असेल असे वाटत नाही.

२०१० साली आंध्र प्रदेशात ह्या व्यवसायाचा कडेलोट झाला. कर्जदारांच्या आत्महत्यांमुळे तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला, आणि रिझर्व्ह बँकेने मालेगाम समितीच्या शिफारशींवरून व्याजास मर्यादा घातली. ही मर्यादा २०२२ साली उठविण्यात आली. तिच्या जागी जो नियम आला तो वाचकांनी नीट पाहावा. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत आहे त्याच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत! निम्म्याहून अधिक नको, म्हणजे निम्म्यापर्यंत चालतील. ज्या घरात भाडे, शिधा व दवाखाना ह्यांतच महिना संपतो त्या घराच्या अर्ध्या मिळकतीवर धनकोचा हक्क मान्य करणाऱ्या ह्या नियमास संरक्षण म्हणतात.

ह्या बाबतीत आमचे पूर्वज अधिक आग्रही होते. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर १८७९ साली जो कायदा झाला त्यान्वये न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन कर्ज मुळात किती होते व ते कसे वाढत गेले, हे तपासण्याचा अधिकार मिळाला. तो कायदा परक्या सरकारचा होता आणि त्यात उणिवाही पुष्कळ होत्या. तरी कर्ज का झाले हा प्रश्न न्यायालयात विचारता येत होता. आजची आठवड्याची वसुली तो प्रश्न विचारीत नाही, आणि सबलीकरणाचे वक्ते तर मुळीच विचारीत नाहीत. आम्हांस तो विचारावयाचा आहे, आणि त्यासाठी कल्याणच्या पुढे कर्जतच्या वाटेवर एकामागून एक लागणारी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन गावे पुरेशी आहेत.

वालधुनी नदी काकोळ्याच्या बाजूने येते. तेथील तलावाचे पाणी शुद्ध करून रेल्वे ते बाटल्यांतून प्रवाशांस विकते. तीच नदी थोडी खाली, १०६० साली बांधलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहते, आणि तेथून पुढे उल्हासनगरात शिरेपर्यंत तिला नदी म्हणावयास धैर्य लागते. अंबरनाथची रसायने, उल्हासनगरचे जीन्स रंगविण्या-धुण्याचे पाणी आणि सर्व गावांचे सांडपाणी हिच्या पोटात जाते. २०१४ च्या नोव्हेंबरात कोणी तरी हिच्यात रसायन ओतले. त्याच्या वायूने काठच्या वस्तीतील शेकडो माणसे गुदमरून रुग्णालयांत गेली. उल्हास नदीच्या प्रदूषणाचा दावा हरित न्यायाधिकरणापुढे चालला व २०१५ साली दंडाचे हुकूम झाले. पुढे २०१८ च्या सुमारास उल्हासनगरातील जीन्स धुण्याच्या कारखान्यांना टाळे लागले.

ते कारखाने बंद व्हावयास हवेच होते. त्याविषयी आम्ही एक शब्दही मागे घेणार नाही. परंतु जीन्सचा धंदा केवळ धुलाईचा नव्हे. शिवण, काज-बटण, आणि घरी गठ्ठा आणून नगावर मजुरीने धागे कापणे, ह्यांवर असंख्य बायकांची चूल पेटत होती. धुलाई थांबली तशी ती कामेही आटली. नदी त्यांनी नासविली नव्हती. तिच्या काठी राहून तिचा वास मात्र त्यांनी सोसला होता. मालकाने यंत्रे उचलून दुसरे गाव गाठले. बाईस यंत्र नव्हते आणि दुसरे गावही नव्हते. अशा वेळी तिच्या दारी कोण आले? कर्ज देणारा आला. जो नुकसान करील त्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व न्यायालयात मान्य झालेले आहे. गल्लीत आल्यावर त्याचे रूप पालटते आणि जिचे नुकसान झाले तिनेच व्याजासह भरावे असे होते. तिला सबल करणे ह्याचा ह्या ठिकाणी दुसरा अर्थ आम्हांस तरी लागत नाही.

गंमत अशी की, कशाच्या आधी काय द्यावे, हे शिकण्यास उल्हासनगरास परगावी जावयाचे कारण नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले, आणि १९४९ च्या ऑगस्टात त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांस प्रथम बराकीत छप्पर व शिधा मिळाला. व्यापारासाठी कर्ज देणारी यंत्रणाही १९४८ च्या कायद्याने उभी राहिली होती, पण ती छपराच्या जागी नव्हे, छपराशिवाय आणखी. त्या माणसांच्या उद्योगाचे कौतुक करणारे लोक हा क्रम नेमका विसरतात.

आमचे विरोधक येथे लिज्जत पापडाचे उदाहरण देतील. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊनच आरंभ केला ना? केला. परंतु लिज्जतचे सामर्थ्य त्या ८० रुपयांत नसून, पापड लाटणारी प्रत्येक बाई त्या धंद्याची भागीदार आहे, ह्या एका नियमात आहे. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचे उदाहरण याहून बोलके आहे. संस्थापक बायका निरक्षर आहेत ह्या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने त्यांचा पहिला अर्ज फेटाळला. त्या घरी जाऊन अक्षरे शिकल्या, आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहून, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनाही करावयास सांगा, असे आव्हान देत्या झाल्या. १९९७ साली ती बँक सुरू झाली. पैसा त्यांचा, नियम त्यांचा, व्याजही फिरून त्यांच्याच पेढीत. हिला आम्ही सबल स्त्रियांची संस्था म्हणू. पण तेथे बायका बँकेच्या मालक झाल्या, केवळ गिऱ्हाईक नव्हे.

आता हवामानाकडे वळू. कारण कर्जाच्या ताटात हल्ली तेही वाढले जाते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली व हजारावर प्रवाशांची सुटका झाली, हे सर्व देशाने पाहिले. त्याच दिवशी उल्हासकाठच्या वस्त्यांतील घरांत जे पाणी शिरले ते कोणी पाहिले नाही. शिवणयंत्र भिजले तरी त्याचा हप्ता भिजत नाही. पाऊस असो, ऊन असो, कर्ज ठरल्या वारी येते. ह्याच्या उलट ‘सेवा’ संस्थेने काढलेला उन्हाचा विमा पाहा. ठरलेल्या अंशापलीकडे तापमान गेले की सभासद बाईस पैसे मिळतात, आणि ती दुपार तिला सावलीत काढता येते. २०२४ साली गुजरात, राजस्थान व महाराष्ट्रातील ४० हजारांहून अधिक स्त्रियांस असे पैसे मिळाले. रक्कम किरकोळ होती, शेकड्यांत मोजावी अशी. पण ती परत फेडावयाची नव्हती. (त्याच वर्षी लाडक्या बहिणींच्या खात्यावर आलेले पैसे जुन्या थकबाकीत वळते करू नका, असे आमच्या सरकारास बँकांना बजवावे लागले, ह्यावरून कर्जाची पोहोच कोठवर असते ते दिसते.)

राहता राहिले बदलापूरचे जांभूळ. २०२३ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आणि गावास हर्ष झाला. ते जांभूळ आसपासच्या पाड्यांवरील आदिवासी बायका पहाटे वेचतात, पानांच्या द्रोणांत भरतात व स्टेशनाबाहेर पाटी मांडून विकतात. हंगाम काही आठवड्यांचा. फळ एक-दोन दिवसांवर टिकत नाही, आणि वळवाची एक सर सारा बहर जमिनीवर पाडते. १० नंतर ऊन चढले की भाव बाईचा राहत नाही, गिऱ्हाइकाचा होतो. शिवाय झाडेच उरत नाहीत. २००१ च्या खानेसुमारीत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, ती २०११ पर्यंत पावणेदोन लाखांजवळ गेली, आणि प्रत्येक नव्या इमारतीच्या जागी पूर्वी काही तरी उभे होते.

ह्या बाईस १० हजारांचे कर्ज देऊन ती काय करील? आणखी पाट्या विकत घेईल? तिला हवी आहे स्टेशनाजवळ सावलीची, नळाची व हक्काची जागा, रात्रभर फळ टिकेल अशी थंड खोली, उरलेल्या फळाचा रस काढणारे यंत्र, ज्या झाडाखाली ती वेचते ते तोडण्यापूर्वी तिला विचारले जाईल असा नियम, आणि वनहक्काच्या २००६ च्या कायद्याने कबूल केलेला कागद. ह्यांतील एकही वस्तू एकटी बाई कर्ज काढून आणू शकत नाही. ह्या सर्व नगरपालिकेने, वनखात्याने आणि जिल्ह्याने करावयाच्या गोष्टी आहेत. येत्या अंदाजपत्रकात त्या थंड खोलीसाठी रक्कम धरावी, आणि ती खर्चाच्या बाजूस धरावी.